दुकानाच्या लॅपटॉपवर चोरीची प्रत कशाला?

तराजू खरा असावा, माप पुरे असावे, मालातला ऐब ग्राहकाला आधी सांगावा, ही शिकवण आपल्या व्यापाऱ्यांना लहानपणापासून मिळते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः व्यापार केला आणि लोकांनी त्यांना 'अमीन' म्हणजे विश्वासू म्हणून ओळखले. परंतु गल्ल्याशेजारी आता लॅपटॉप येऊन बसला आहे आणि त्याच्याबाबत हा काटेकोरपणा आपण दाखवत नाही. वापरलेला लॅपटॉप विकत घेतला की दुरुस्तीवाला थोडक्या पैशांत त्यावर 'विंडोज टाकून' देतो. ते कोणाचे, त्याची किंमत कोणी दिली, हे आपण विचारत नाही.

कायद्याने हा गुन्हा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ मधील कलम ६३-ब नुसार चोरीची संगणक प्रणाली जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय सौम्यता दाखवू शकते, दुकानदाराला मात्र ती सवलत नाही. शरीअतच्या अंगानेही विद्वानांनी हा प्रश्न तपासला आहे. इस्लामी देशांच्या संघटनेशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील अधिवेशनात लेखन, शोध व व्यापारी नाव यांवरील हक्क हे मालकाचे संरक्षित हक्क आहेत आणि त्यांवर आक्रमण करणे जायज नाही, असा ठराव केला.

यात धंद्याचाही धोका आहे. कुलूप तोडलेल्या प्रतीबरोबर पुष्कळदा विषाणू येतो. तो खातेवहीच्या फायली बंद करून खंडणी मागू शकतो. शिवाय विंडोज १० चा नियमित सुरक्षा-पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, आणि विंडोज ११ साठी लागणारा टीपीएम २.० हा सुरक्षा भाग कित्येक जुन्या लॅपटॉपमध्ये नाही. म्हणजे चालू यंत्र भंगारात टाका, नाहीतर असुरक्षित वापरा, अशी कोंडी झाली आहे.

मुक्त प्रणाली म्हणजे काय?

या कोंडीतून वाट आहे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' ही मोहीम जाहीर केली. १९९१ साली फिनलंडमधील लायनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा तयार केला. त्याचा परवाना सांगतो की वापरा, तपासा, बदला, दुसऱ्याला प्रत द्या. येथे प्रत देणे हा गुन्हा नसून मालकानेच दिलेली इजाजत आहे. या गाभ्यावर अनेक संस्थांनी आपापल्या प्रणाली बांधल्या. केरळच्या सरकारी शाळांतील संगणक वर्षानुवर्षे अशाच मुक्त प्रणालीवर चालत आहेत.

निवड कशी करावी?

नावे शेकडो आहेत, त्यांत गोंधळून जाऊ नये. नवख्या दुकानदाराने 'लिनक्स मिंट' घ्यावी असे आम्ही सुचवतो, कारण तिचा पडदा विंडोजसारखाच दिसतो. २०२४ साली आलेल्या तिच्या २२ व्या आवृत्तीच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा-पुरवठा मिळणार आहे. तिला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, पण आरामात काम व्हायचे तर ४ जीबी रॅम आणि १०० जीबी जागा हवी. यंत्र जुने व संथ असेल तर तिची 'एक्सएफसीई' ही हलकी आवृत्ती घ्यावी.

पण प्रणाली निवडण्याआधी कागदावर आपल्या कामांची यादी करावी. पत्रे, बिले, मालाची यादी, जकातीसाठी वर्षाकाठी करायचा मालाचा हिशेब, ही कामे 'लिब्रेऑफिस'मध्ये होतात. जीएसटीचे विवरणपत्र ब्राउझरमधून भरता येते. एकट्या मालकाच्या किंवा भागीदारीच्या पेढीला मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ते प्रमाणित करता येते. बारकोड वाचणारे यंत्र बहुधा कळफलकासारखेच चालते. मराठी आणि उर्दू दोन्ही कळफलक प्रणालीतच मिळतात. भरतकामाच्या कारागिरांसाठी 'इंकस्केप'वर चालणारे 'इंक-स्टिच' आहे. त्यात नक्षी काढून भरतकाम यंत्राची फाइल तयार करता येते.

आता जे जमत नाही तेही सांगितले पाहिजे. टॅली, कोरलड्रॉ आणि उर्दू छपाईचे इनपेज हे विंडोजसाठी बनलेले आहेत. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी किंवा ज्यांचा सारा हिशेब टॅलीत आहे त्यांनी त्या एका यंत्रावर पैसे देऊन घेतलेली विंडोज ठेवावी आणि बाकीची यंत्रे मुक्त प्रणालीवर न्यावीत. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेले मजकूर नव्या यंत्रावर अगम्य दिसतील, ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत.

आधी पारख, मग बदल

या प्रणालीचा मोठा गुण म्हणजे कापड अंगाला लावून पाहावे तशी ती पाहता येते. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे ३ जीबीची फाइल उतरवून घ्यावी आणि 'रुफस' किंवा 'एचर' या मोफत साधनाने रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवावी. पेनड्राइव्हवरचे जुने सारे पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे. मग लॅपटॉप सुरू होताना ठरलेली कळ दाबावी. डेल व लेनोव्होवर ती बहुधा एफ-१२ असते, एचपीवर एफ-९. प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालू लागते आणि आतल्या डिस्कला हात लागत नाही. याच अवस्थेत वायफाय, आवाज, प्रिंटर आणि जीएसटीचे पान तपासून पाहावे. पेनड्राइव्हवर ती थोडी संथ चालते, त्यावरून मत बनवू नये.

सारे ठीक वाटले तर बसवण्यापूर्वी खाती, बिले व छायाचित्रे यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. बसवताना 'डिस्क पुसून टाका' आणि 'विंडोजच्या शेजारी बसवा' असे दोन पर्याय येतात. पहिल्याने जुने काहीच उरत नाही, म्हणून दोनदा वाचून मगच कळ दाबावी. बसवल्यावर 'टाइमशिफ्ट' चालू करावे. अद्यतनात बिघाड झाला तर ते प्रणालीला आदल्या स्थितीत नेते. मात्र ते आपल्या खातेवहीची प्रत ठेवत नाही. ती दर आठवड्याला, जुम्म्याच्या दिवशी म्हणा, स्वतः पेनड्राइव्हवर काढावी. नवे सॉफ्टवेअर प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावे.

तरुणांसाठी रोजगार

मुक्त परवान्यात सेवेचे पैसे घेण्यास मनाई नाही. आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलर देऊन घेतलेली रेड हॅट ही कंपनी मुक्त प्रणालीच्या सेवेवरच मोठी झाली. मालेगाव, भिवंडीसारख्या गावांत लॅपटॉप दुरुस्त करणारी आपली मुले आहेत. त्यांनी चोरीची प्रत टाकणे सोडून मुक्त प्रणाली बसवणे, प्रिंटर जोडणे, दुकानदाराला दोन दिवस शिकवणे याची मजुरी उघडपणे घ्यावी. ती हलाल कमाई आहे आणि तिच्यावर पावतीही देता येते.

हे सारे एका दिवसात होणार नाही. पहिले पंधरा दिवस हात अडखळेल, कळा सापडणार नाहीत, प्रिंटर एखादे वेळी रुसेल. म्हणून रमजान-ईदच्या गर्दीत बदल करू नये, मंदीचा महिना निवडावा आणि आधी एकाच यंत्रावर करून पाहावा. आपण ग्राहकाला माप पुरे देतो, तसेच ज्याच्या मेहनतीवर आपले यंत्र चालते त्याचा हक्कही पुरा द्यावा, किंवा ज्याने आपला हक्क खुशीने सोडला आहे त्याची वस्तू वापरावी. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.