कुलपातलं ग्लुकोज

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी नातीच्या शाळेतून फोन आला, "मुलगी वर्गात झोपतेय, घेऊन जा." घरी मी एकटाच. रिक्षा करून धावलो. तिसरीतली पोर बाकावर डोकं टेकून बसलेली, दरदरून घाम, हात थरथरताहेत. बाई म्हणाल्या, "पीटीचा तास झाल्यापासून असंच चाललंय. आम्हाला वाटलं, नाटक करतेय." खिशात ग्लुकोज होतं, ते पाण्यात कालवून पाजलं. पंधरा मिनिटांनी ती ताठ बसली आणि म्हणाली, "आजोबा, मी नाटक नव्हते करत."

नातीला टाइप वन मधुमेह आहे. तो गोड खाल्ल्यानं होत नाही. शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, मग इन्शुलिन बाहेरून घ्यावं लागतं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला ते प्रथम टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत. आज ती खेळतात, शिकतात, मोठी होतात. मात्र खेळ जास्त झाला किंवा डबा खायला उशीर झाला, तर रक्तातली साखर ७० च्या खाली घसरू शकते. तेव्हा मिनिटं मोलाची असतात.

ग्लुकोज आम्ही शाळेत देऊन ठेवलं होतं. पण ते होतं ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे! माझी हयात बँकेत गेली. तिजोरीला दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागतात, एकट्याला ती उघडता येऊ नये म्हणून. या डब्याचा नियम नेमका उलटा हवा. तो कुणालाही, तत्क्षणी उघडता आला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं शाळेत निघालो. सुनेनं फाटकाशीच थांबवलं. "बाबा, भांडायचं नाही. तिला याच शाळेत शिकायचंय."

मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "एवढ्या मोठ्या वर्गात एकीकडेच कसं बघायचं? आणि आमच्या हातून काही चुकलं तर?" प्रश्न रास्त होता. आजवर आम्ही सगळं तोंडीच सांगत आलो होतो. बँकेत तोंडी सांगितलेलं मी कधी चालवून घेतलं होतं?

मग डॉक्टरांकडून एका पानावर लिहून घेतलं. साखर उतरल्याची लक्षणं कोणती, ग्लुकोज किती द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तिला एकटीला कुठं पाठवायचं नाही. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवून थेट दवाखाना. खाली डॉक्टरांची आणि आईवडिलांची सही, फोन नंबर. प्रती तीन: वर्गशिक्षिका, पीटीचे सर, ऑफिस. डबा वर्गातच, बिनकुलपाचा. तासाला खायची, पाणी प्यायची, बाहेर जायची मुभा.

हे काही जगावेगळं मागणं नव्हे. सीबीएसईनं २०१७ मध्येच अशा मुलांना परीक्षेच्या दालनात खाऊ आणि पाणी नेण्याची परवानगी दिली आहे. २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्याच्या यादीत हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल आहेत. टाइप वन मधुमेह मात्र नाही. म्हणून या मुलांच्या बाजूनं पालकांना अधिक बोलावं लागतं. दमा असो, फेफरं असो, किंवा विदर्भातल्या एखाद्या सिकलसेलच्या मुलाला घोटघोट पाणी प्यायचं असो, एक कागद प्रत्येकाला हवाच. आणि शिक्षकांना तो एकदा समजावून सांगायलाही हवा; भीती अज्ञानातून येते.

नात आता खो-खो खेळते. खेळाआधी साखर तपासायची आठवण सरच करतात. यंदा जूनमध्ये ती चौथीत गेली. नव्या बाईंना कागद द्यायला सून गेली, तर तो त्यांच्या टेबलावर होता. ज्यांना ते नाटक वाटलं होतं, त्याच बाईंनी शाळा उघडायच्या आधी तो आणून दिला होता.