उन्हाळ्यात बियास एवढी गार का?

तर मंडळी, मे महिना, मनाली. आमचा एक मित्र पँट दुमडून ‘फक्त गुडघाभर’ म्हणत बियासमध्ये उतरला आणि दहा सेकंदांत किंचाळत बाहेर! तेही एकाच चपलेनिशी. दुसरी एव्हाना मंडीला पोचली असेल.

आपल्याकडे उन्हाळ्यात नदी आटते, कोमट होते. तिथे उलटं: ऊन वाढलं की वरचं बर्फ वितळून नदीत येतं. त्यात पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने ओढून घेतं. म्हणून पाय आधी ठणकतात, मग बधिर होतात. इथवर गंमत. पण छातीपर्यंत अचानक बुडालात तर श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, तो रोखता येत नाही. तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही तिथेच गटांगळी खातो. आणि हो, दुपारनंतर पाणी वाढतं. सकाळपासून वितळलेलं तेव्हा खाली पोचतं.