भूमध्य समुद्राशी जडलेला आपला कोकण किनारा

‘प्रेषितांची कृत्ये’ वाचताना कैसरिया, अंत्युखिया, करिंथ, माल्टा ही नावे आपल्या कानांवरून जातात. संत पौलाचे जहाज माल्टाजवळ फुटले, ते आलेक्सांद्रिया बंदरातील, गहू वाहून नेणारे जहाज होते. याच आलेक्सांद्रियात त्या काळी आपल्या महाराष्ट्राचा मालही उतरत असे. हा संबंध कसा जुळला, हे समजण्यासाठी प्रथम भूगोल पाहिला पाहिजे.

सणसर, इंदापूर, बारामती हा आपला परिसर समुद्राकडे पाठ फिरवून बसलेला आहे. नीरा नदी नरसिंहपूरजवळ भीमेला मिळते आणि ते पाणी पुढे कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. पश्चिमेस सह्याद्रीची भिंत, तिच्या पायथ्याशी कोकणची अरुंद पट्टी. मात्र त्या पट्टीत खाड्या आहेत आणि भिंतीत घाट आहेत. खाड्यांच्या आश्रयाने सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे वाढली. घाटांनी ती बंदरे पठाराशी जोडली. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राजघराण्याचा शिलालेख आजही आहे.

तिसरा दुवा वाऱ्याचा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे तंत्र खलाशांना साधले, तेव्हा तांबड्या समुद्रातून सुटलेली जहाजे भर समुद्रातून थेट भारताकडे येऊ लागली. जुलैच्या सुमारास ती इजिप्तहून निघत आणि हिवाळ्यात उलट वाऱ्यावर परतत. तेथे माल उंटांवरून नाईल नदीपर्यंत आणि नदीतून आलेक्सांद्रियाला जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक भाषिकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात सोपारा, कल्याण व चौल यांचा उल्लेख आहे. पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून मौल्यवान खडे व कापड गाड्यांतून भडोचला जात असे, असेही तो सांगतो.

याच्या खुणा जमिनीतही सापडतात. नेवासे येथील उत्खननात भूमध्य प्रदेशातील मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत ग्रीकांच्या समुद्रदेवाची काशाची मूर्ती सापडली. कार्ले व जुन्नर येथील बौद्ध लेण्यांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत.

व्यापाराच्या या वाटेवर ख्रिस्ती माणसेही आली. सहाव्या शतकात आलेक्सांद्रियाचा व्यापारी कॉस्मस याने ‘कल्लियाना’ येथे पर्शियात दीक्षा झालेला बिशप असल्याची नोंद केली. हे ठिकाण म्हणजे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यास पोहोचले. त्यांतील थॉमस, जेम्स व पीटर हे तिघे इटलीचे, तर दिमित्रियस तिफ्लिसचा होता. तेथील नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. त्याच वर्षी चौघांनाही ठाण्यात रक्तसाक्ष्य द्यावे लागले. त्यांचे सोबती, दक्षिण फ्रान्समधील डॉमिनिकन फादर जॉर्डन यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन दफन केले.

आपला धर्म पोर्तुगिजांच्या तलवारीबरोबर आला, असे आपल्या मुलांना अनेकदा ऐकावे लागते. वसई पोर्तुगिजांकडे गेली ती १५३४ साली. ठाण्यातील त्या ख्रिस्ती घराचे दार त्याआधी दोनशेहून अधिक वर्षे उघडले होते. अर्थात, त्या प्राचीन समुदायांपासून आपल्यापर्यंत अखंड परंपरा चालत आली, असा दावा इतिहास करू देत नाही. पठारावरील आपले बहुतेक धर्मग्राम एकोणिसाव्या शतकानंतरच्या मिशनकार्यातून उभे राहिले. जे घडले तेवढेच सांगावे. पण ते नीट माहीत असावे आणि मुलांनाही सांगावे.

सोपाऱ्याची खाडी पुढे गाळाने भरली आणि जहाजे अन्य बंदरांकडे वळली. ज्या गावात कधीकाळी दूरदेशीचा माल उतरत असे, ते आज नालासोपारा म्हणून उपनगरी गाड्यांच्या गर्दीसाठी ओळखले जाते. तेथील प्राचीन स्तूप मात्र अजून उभा आहे. वसईच्या बाजूस जाणाऱ्या भाविकांनी एकदा तरी वाट वाकडी करून तो पाहावा.