माणूस कोठून आला? : उत्पत्तीच्या कथा आणि उत्क्रांतीचे शास्त्र

हे जग कोणी निर्माण केले आणि माणूस कोठून आला, हे दोन प्रश्न मानवाला फार पूर्वीपासून पडत आले आहेत. प्रत्येक धर्माने त्यांना आपापले उत्तर दिले. बायबलच्या कथेत देवाने सहा दिवसांत सृष्टी घडविली. आपल्याकडे ब्रह्मदेवाने ती निर्मिली असे सांगतात. आपल्या कोकणासाठी तर वेगळी कथाच आहे. परशुरामाने समुद्र मागे हटवून ही भूमी मिळविली, म्हणून ही परशुरामभूमी.

भूशास्त्राचे उत्तर निराळे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. त्यांचाच हा सह्याद्रीचा काळा खडक. युगानुयुगे पाऊस-उन्हाने तो कुजून आपला जांभा तयार झाला. हेदवीच्या बामणघळीत भरतीचे पाणी उसळते, तीही समुद्राने कातळ झिजवून केलेली अरुंद फट आहे. येथे कोणाच्या बाणाची वा परशूची गरज पडत नाही.

कोणी म्हणेल, कथा त्या कथा, त्यांनी कोणाचे काय बिघडते? मात्र आपल्या देशात उत्पत्तीच्या कथेबरोबर माणसाची पायरीही ठरविली गेली. पुरुषसूक्तात आदिपुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून क्षत्रिय, मांड्यांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र झाले असे सांगितले. ज्यांना चार वर्णांतही स्थान नव्हते, त्यांच्या वाट्याला काय आले हे येथे सांगण्याची गरज नाही. म्हणून माणूस कोठून आला, हा आपल्यासाठी केवळ पुस्तकी वाद नाही.

या कथेची परीक्षा तथागत भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी केली. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात वासेट्ठ व भारद्वाज हे दोन ब्राह्मणकुळातील तरुण सांगतात की, आमचे जातभाई स्वतःला ब्रह्माच्या मुखातून जन्मलेले म्हणवितात आणि आमची निंदा करतात. बुद्धांचे उत्तर साधे आहे. ब्राह्मण स्त्रियाही इतर स्त्रियांप्रमाणेच ऋतुमती होतात, गर्भवती होतात, बाळंत होतात व मुलांना पाजतात, हे सर्वांना दिसते. मग मुखातून जन्म कसा? येथे पोथीला पोथीने उत्तर दिलेले नाही. जे डोळ्यांना दिसते तेच पुराव्यादाखल पुढे ठेवले आहे.

हीच वाट महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' या ग्रंथात धरली. इंग्रज वगैरे लोक ब्रह्माच्या कोणत्या अवयवापासून झाले, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. परशुराम चिरंजीव आहे म्हणतात ना, मग सहा महिन्यांच्या आत हजर व्हावे, अशी नोटीसच त्यांनी त्याच्या नावे छापली! पुढे १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या प्रश्नावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात पहिल्याच प्रकरणात पुरुषसूक्ताची कठोर चिकित्सा केली.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. १८५९ साली चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने जीवजातींच्या उगमावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा गाभा सोपा आहे. एकाच जातीच्या जीवांत थोडाथोडा फरक असतो. तो पिलांत उतरतो. जगू शकतील त्यापेक्षा अधिक जीव जन्माला येतात. परिस्थितीला अनुकूल फरक ज्यांच्यात असतो ते अधिक टिकतात आणि त्यांची संतती वाढते. हीच नैसर्गिक निवड. लक्षावधी वर्षांत अशा लहान फरकांतून नव्या जाती घडतात. क्षयरोगाचा रुग्ण औषध अर्धवट सोडतो तेव्हा औषधाला दाद न देणारे जंतू शिल्लक राहून वाढण्याचा धोका असतो. ही उत्क्रांती आजही चालू आहे.

तरीही वाद मिटलेला नाही. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी सांगितले वा लिहिले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्याला विरोध केला.

या युक्तिवादाचे उत्तर विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. आजच्या माकडाचा माणूस झाला, असे शास्त्र म्हणतच नाही. माणूस व चिंपांझी यांचे पूर्वज एक होते, असे ते म्हणते. राहिला प्रश्न कोणी पाहिल्याचा. बँकेत वीस वर्षांपूर्वीचा व्यवहार आज कोणी डोळ्यांनी पाहत नाही. पण स्लिप, लेजर आणि डे-बुक या तिन्हींचा मेळ बसला की तो झाला हे मान्य करावेच लागते. येथेही तसेच आहे. १९७४ साली इथिओपियात सापडलेला 'ल्यूसी'चा सांगाडा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा असून ती दोन पायांवर चालत होती. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३; आणि माणसाचे दुसरे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे जुळून झाल्याच्या खुणा त्यात स्पष्ट आहेत. निरनिराळ्या वह्यांतील नोंदी एकच बेरीज दाखवितात.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह या क्रमात दशावतारांनी उत्क्रांती आधीच सांगितली, असे काहीजण म्हणतात. पण अवतार म्हणजे देवाने हेतुपुरस्सर घेतलेले रूप. उत्क्रांतीत असा कोणाचा हेतू नसतो, आणि ती माणसापाशी येऊन थांबणारी शिडीही नाही. शिवाय या यादीत बुद्धांना विष्णूचा अवतार म्हणून बसविले जाते. ते बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत स्पष्ट नाकारले आहे.

परंतु हाच नियम आपण स्वतःलाही लावला पाहिजे. अग्गञ्ञ सुत्तातही सृष्टी पुन्हा आकाराला येण्याची एक कथा आहे. तिच्यावरून बुद्धांनी डार्विनच्या आधी उत्क्रांती सांगितली, असे म्हणणे योग्य नाही. जग शाश्वत की अशाश्वत, हा मालुंक्यपुत्ताचा प्रश्न बुद्धांनी बाजूला ठेवला, कारण त्याने दुःख दूर होत नाही. कालामांना त्यांनी परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून काही मानू नका, असे सांगितले. आपल्या ग्रंथांनाही हेच लागू आहे. तसेच, माणूस कसा घडला हे शास्त्र सांगते. माणसाने माणसाशी कसे वागावे हे शील शिकविते. बलवान तोच जगणार असे म्हणून विषमतेचे समर्थन करणारे डार्विनचाही विपर्यास करतात.

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी सह्या करून निषेध केला. तो विषय बारावीच्या जीवशास्त्रात ठेवलेला होता. पण दहावीनंतर कला वा वाणिज्य शाखेला जाणाऱ्या मुलाच्या हाती ते पुस्तक कधी येणार? आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग २ या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा होता.

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे आपल्या संविधानाच्या कलम ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, हा धडा केवळ गुणांसाठी पाठ करू नका. सर्व माणसांची वंशावळ एकच आहे, कोणी मुखातून आला नाही आणि कोणी पायातून आला नाही, हे त्या धड्यात पुराव्यानिशी सिद्ध होते. तो घरी आई-वडिलांनाही वाचून दाखवा.