संरक्षित इमारतीशेजारची मिल्कत : कायदा काय म्हणतो?

जुन्या किल्ल्याजवळ किंवा मकबऱ्याजवळ दुकान असले की ते आज ना उद्या सरकारजमा होणार, असा समज आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंमध्ये पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. मिल्कत मालकाचीच राहते, तिची खरेदी-विक्री करता येते, धंदाही चालू राहतो. बंधन येते ते बांधकामावर.

आमच्या अर्जुनी मोरगाववरून जाणारी गोंदिया-बल्लारशा रेल्वेलाईन चंद्रपूरला पोहोचते. तिथला गोंड राजांचा परकोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे त्याचे चार मोठे दरवाजे. एखादा मकबरा संरक्षित असला तर बंधनाचा घेर त्याच्याभोवती पडतो. इथे मात्र शहराला वेढणारी लांबच लांब भिंतच संरक्षित आहे. त्यामुळे आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंची घरे-दुकाने बंधनात सापडतात.

केंद्राचा मूळ कायदा 1958 चा. 16 जून 1992 च्या अधिसूचनेने अंतरे ठरली आणि 2010 च्या दुरुस्तीने ती कायद्यातच पक्की झाली. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित, त्यापुढचे 200 मीटर विनियमित. मोजणी संरक्षित हद्दीच्या कडेपासून होते. आपण पायाने अंदाज घेतो आणि तिथेच फसतो.

प्रतिबंधित भागात खाजगी मालकाला नवे बांधकाम करता येत नाही. वर मजला चढवणे, मागे गोदाम वाढवणे हेही कायद्याच्या भाषेत बांधकामच. दुरुस्ती करता येते, पण सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊनच. त्यासाठी इमारत 16 जून 1992 पूर्वीची असली पाहिजे, किंवा नंतर पुरातत्त्व महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेली असली पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुरुस्ती आणि पुनर्बांधणी या कायद्याने दोन वेगळ्या बाबी मानल्या आहेत. जुने पाडून त्याच लांबी-रुंदी-उंचीचे पुन्हा उभारणे म्हणजे पुनर्बांधणी. विनियमित भागात तिला परवानगी मिळू शकते, 100 मीटरच्या आत ती वाट नाही. म्हणजे तुमच्या मातीच्या भिंतीला फुगारा आला आहे, छताची लाकडे वाळवीने खाल्ली आहेत आणि तुम्ही ‘पुढच्या सीझननंतर पाहू’ म्हणालात. पावसाळ्यात इमारत बसली तर जागा तुमची राहील, पण तिच्यावर पुन्हा दुकान उभे करणे कठीण होईल. भाऊबंदकीत वाटणीचा वाद चालू असतो म्हणून कित्येक जण दुरुस्ती लांबवतात. त्यांनी याचा जरूर विचार करावा.

अर्जासाठी पुरावा लागतो. 1992 पूर्वीची टॅक्स पावती, आखीव पत्रिका, नझूल पट्टा, रजिस्ट्री, जुने वीजबिल, जे मिळेल ते काढून ठेवावे. आपल्या लोकांचे कितीतरी जुने दस्तऐवज उर्दू किंवा मोडीत असतात. ते रद्दी समजून टाकू नयेत, जाणकाराकडून मराठीत उतरवून घ्यावेत. अर्जाचा निकाल तीन महिन्यांत लागावा, अशी कायद्यात तरतूद आहे. विनापरवाना काम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

भाड्याने दुकान चालवणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. 200 मीटरच्या विनियमित भागात कब्जेदारही अर्ज करू शकतो. 100 मीटरच्या आत मात्र दुरुस्तीचा अर्ज मालकाचा लागतो. दर्गा किंवा मशिदीच्या वक्फ गाळ्यात बसणाऱ्यांना म्हणून संस्थेच्या विश्वस्तांकडेच जावे लागेल, आणि आमच्या मते विश्वस्तांनी अशा कामात टाळाटाळ करू नये. छत गळाले तर भाडेही गळते.

स्वतःची इमारतच संरक्षित होणार असेल तर सरकारला आधी दोन महिन्यांची सूचना काढावी लागते. त्या मुदतीत हितसंबंधी माणसाला हरकत घेता येते. नंतर देखभालीबाबत मालकाशी करार करण्याचीही सोय आहे. प्रार्थनास्थळाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत होऊ नये, असे कलम 16 सांगते. वक्फ मिल्कतींबाबत 2025 च्या दुरुस्तीने नवा पेच आणला आहे. वक्फ म्हणून जाहीर होताना जी वास्तू आधीच संरक्षित होती, तिची ती घोषणा रद्दबातल ठरवली आहे. या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. मुतवल्लींनी दोन्ही तारखा, संरक्षणाची आणि वक्फ नोंदणीची, शेजारी ठेवून वकिलाचा सल्ला घ्यावा.

मुंबईची वारसा यादी ही निराळी गोष्ट. ती 1995 च्या नियमांनी आली आणि तिच्यात इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत जवळपास हात लावता येत नाही, तिसरीत बऱ्यापैकी मोकळीक असते.

आमच्या तालुक्यात प्रतापगडावर किल्ल्याचे अवशेष आहेत, ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा आहे आणि महाशिवरात्रीची यात्राही भरते. अशा ठिकाणाजवळ जागा घेणाऱ्याने ऐकीव गोष्टीवर जाऊ नये. वास्तू जुनी आहे एवढ्याने ती संरक्षित होत नाही, त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते. राज्याचा 1960 चा कायदा वेगळा आहे आणि त्याची यादीही वेगळी. म्हणून दोन्ही खात्यांकडे लेखी विचारणा करावी, भूमापन खात्याकडून अंतर मोजून घ्यावे, आणि इसार त्यानंतरच द्यावा.