संत्र्याच्या बागेत खुंटाची निवड

विदर्भातील संत्र्याचे झाड खरे पाहता दोन झाडांचे मिळून बनलेले असते. वर दिसणारा विस्तार नागपुरी संत्र्याचा. जमिनीखालची मुळे मात्र दुसऱ्याच लिंबूवर्गीय जातीची. ज्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात, त्यास खुंट म्हणतात. फळ संत्र्याच्या नावाने विकले जात असले, तरी झाड किती वाढेल, किती फळेल व किती वर्षे तग धरील, हे बऱ्याच अंशी खुंटावर अवलंबून असते.

आपल्याकडे जंबेरी व रंगपूर लाईम हे दोन खुंट प्रामुख्याने वापरात आहेत. जंबेरीवरील झाड जोमाने वाढते व भरपूर फळ देते. परंतु मूळकुज व डिंक्या या रोगांना हा खुंट सहज बळी पडतो आणि पाणी धरून ठेवणाऱ्या भारी जमिनीत हे रोग बळावतात. पहिल्या काही बहारांत भरघोस वाटणारी बाग पुढे मुळापासून खचते, ती यामुळे. रंगपूर लाईम पाण्याचा ताण व चुनखडीची जमीन अधिक सोसतो. मात्र एक्झोकॉर्टिस रोगाने त्याची साल तडकते. म्हणून डोळे निरोगी मातृवृक्षाचेच हवेत.

झाडे लहान ठेवून दाट लावावीत, असा विचार कोणाच्याही मनात येईल. ६ × ६ मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. जपानमध्ये त्रिपर्णी खुंट रूढ आहे; त्याचा 'फ्लाइंग ड्रॅगन' हा वाकड्या काट्यांचा प्रकार तर झाड अगदी खुजे ठेवतो. झाडागणिक फळ कमी, पण झाडे अधिक, असा हा हिशेब होय. आपल्या चुनखडीच्या जमिनीत मात्र या खुंटास लोह नीट मिळत नाही व पाने पिवळी पडतात. तेव्हा अनुकरणापूर्वी मातीची तपासणी अगत्याची आहे.

जंबेरीच्या एका बीतून अनेकदा एकाहून अधिक रोपे उगवतात. त्यांतील बहुतेक मातृवृक्षासारखीच असतात. वेगळ्या ठेवणीची व खुरटी रोपे काढून टाकणे हे रोपवाटिकेचे काम. ते टाळल्यास एकाच बागेत लहानमोठी झाडे दिसतात, आणि चूक ध्यानात येईपर्यंत पाच-सहा वर्षे गेलेली असतात. कलमे खरेदी करताना खुंट कोणता, हे आवर्जून विचारावे. डोळा जमिनीपासून वीतभर तरी उंच बांधलेला असावा व लागवडीत तो जोड मातीखाली जाऊ देऊ नये.