संशयाला पुरावा लागत नाही

जोडीदार आपल्याला फसवतो आहे, ही खात्री काही केल्या हलेनाशी झाली की मनोविकारतज्ज्ञ तिला ‘ऑथेल्लो सिंड्रोम’ म्हणतात. जॉन टॉड आणि केनेथ ड्यूहर्स्ट यांनी १९५५ मध्ये शेक्सपिअरच्या नायकावरून हे नाव रूढ केले. मराठी प्रेक्षकांना हा नायक गो. ब. देवलांच्या ‘झुंजारराव’मुळे परिचयाचा आहे. नाव मात्र तितकेसे चपखल नाही. नाटकात ऑथेल्लोचे कान त्याच्या हाताखालच्या इयागोने भरले होते. हा रुग्ण आपले कान आपणच भरतो.

जोडीदार खरोखर एकनिष्ठ आहे की नाही, यावर निदान ठरत नाही. मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्स यांचे म्हणणे असे, की संशय योगायोगाने खरा निघाला तरी तो भ्रमच असू शकतो. पाहायचे ते रुग्ण निष्कर्षाला कसा पोहोचला हे. कपडे हुंगणे, मोबाइल तपासणे, दहा मिनिटांच्या उशिराचा तासभर जाब विचारणे सुरू होते. बायकोने नाकारले तर ती लपवते, गप्प राहिली तर ती कबुली. कटकट मिटावी म्हणून तिने खोटेच कबूल केले, तर मारहाण थांबण्याऐवजी वाढू शकते.

दीर्घकाळचे दारूचे व्यसन, स्मृतिभ्रंश, मेंदूला, विशेषतः त्याच्या उजव्या बाजूला झालेली इजा यांतून हा भ्रम उद्भवतो. पार्किन्सन्सच्या काही रुग्णांत तो डोपामिनसारखे काम करणाऱ्या औषधांमुळे येतो आणि मात्रा कमी केल्यावर ओसरतो. एरवी भ्रमरोधक औषधे देतात, दारू सोडवतात आणि धोका दिसला तर जोडप्याला काही काळ वेगळे राहायला सांगतात. विकार स्त्रियांनाही होतो. गंभीर हिंसा मात्र बहुतेक वेळा पुरुषांकडून होते.

तरीही संशयातून हात उगारणारा प्रत्येक जण रुग्ण नसतो. बहुतेकांना भ्रम नसतो, बायकोवर ताबा हवा असतो. ‘चारित्र्याच्या संशयावरून खून’ या वर्तमानपत्री मथळ्यात तर चारित्र्य मारलेल्या बाईचेच तपासले जाते. भारतात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या नियमांनी मात्र चारित्र्यावरचे आरोप शाब्दिक व भावनिक छळात मोजले आहेत.

अमेरिकी परिचारिका-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी १९८० च्या दशकात जोडीदाराकडून स्त्रीच्या जिवाला असलेला धोका जोखण्याची प्रश्नावली तयार केली. सततचा हिंसक मत्सर, गळा दाबणे, जिवे मारण्याची धमकी या खुणा तीत विचारल्या जातात. स्त्री घर सोडते तो काळ सर्वांत धोक्याचा असल्याने मदत करणाऱ्या संस्था निघण्याची वेळ आणि जागा आधीच, गुपचूप ठरवतात.